एनिस्कॉर्थीला सगळे ठाऊक असते

आयरिश लेखक कॉलम टोबीन यांची 'नोरा वेब्स्टर' ही कादंबरी एका शेजाऱ्याच्या बोलण्याने सुरू होते. आपल्या दारात उभा राहून तो नोराला म्हणतो की, या येणाऱ्यांचा तुला आता वीट आला असेल, हे लोक यायचे थांबणार तरी कधी. नोराचा नवरा मॉरिस नुकताच वारला आहे आणि दर संध्याकाळी कोणी ना कोणी सांत्वनाला येते आहे. शेजाऱ्याचे बोलणे सहानुभूतीचेच आहे, पण नोराला त्याच्या सुरात काहीतरी नवीन जाणवते. नवरा असेपर्यंत हा माणूस तिच्याशी असे बोलला नसता; आता तिच्यावर आपला थोडा अधिकार आहे, असे त्याने मनोमन धरून टाकले आहे. ती शांतपणे उत्तर देते, लोक चांगुलपणानेच येतात असे काहीतरी म्हणते आणि घरात जाते. एवढ्या लहानशा प्रसंगात वैधव्य म्हणजे काय ते टोबीन यांनी सांगून टाकलेले असते, आणि त्यात अश्रूंचा उल्लेखही नसतो.

टोबीन यांच्याविषयी लिहिणारे बहुतेक जण त्यांच्या लेखनातल्या मौनावर बोट ठेवतात, आणि ते योग्यच आहे. परंतु त्यांच्या कादंबऱ्या पुन्हा पुन्हा वाचताना मला असे वाटू लागले आहे की, हे मौन समजून घ्यायचे असेल तर आधी त्यांच्या गावाला काय काय ठाऊक असते ते पाहावे लागते. कोणाच्या घरी कोण आले, किती वेळ बसले, कोणाची मुलगी कोणाबरोबर नाचली, कोणी घर विकायला काढले, कोणी केस रंगवले, हे सारे जिथे दिवस मावळायच्या आत सर्वतोमुखी होते, तिथे माणूस गप्प राहतो तो भावना नसल्यामुळे नव्हे. स्वतःच्या आयुष्यातले थोडेतरी स्वतःपाशी उरावे, यासाठी त्याच्याकडे दुसरे साधनच नसते. टोबीन यांच्या कथानकांना गती मिळते ती कोणाला काय ठाऊक आहे, कोणाला ते सर्वांत शेवटी कळते आणि कोण ते कळल्याचे दाखवत नाही, यातून.

हे गाव म्हणजे आयर्लंडच्या आग्नेय भागातल्या वेक्सफर्ड परगण्यातले एनिस्कॉर्थी. स्लेनी नदीच्या काठी वसलेले, मध्यभागी किल्ला आणि कॅथीड्रल असलेले, आणि ज्या व्हिनेगर हिलवर ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या १७९८ च्या उठावातल्या बंडखोरांचा पराभव झाला ती टेकडी सतत डोळ्यांसमोर ठेवणारे गाव. टोबीन यांचा जन्म इथे १९५५ साली झाला. वडील शिक्षक होते, स्थानिक इतिहासाचे अभ्यासक होते आणि किल्ल्यात संग्रहालय उभारण्यात त्यांचा वाटा होता. मुलगा आठ वर्षांचा असताना वडील गंभीर आजारी पडले, आई त्यांच्याबरोबर डब्लिनच्या रुग्णालयात राहिली आणि हा मुलगा व त्याचा धाकटा भाऊ काही महिने मावशीकडे ठेवले गेले. याच काळात तो बोलताना अडखळू लागला. १९६७ साली वडील गेले. पुढे डब्लिनमध्ये पदवी घेऊन टोबीन १९७५ साली बार्सिलोनाला गेले, तिथे हुकूमशहा फ्रँकोची राजवट संपताना त्यांनी पाहिली, परत येऊन पत्रकारिता केली, 'मॅगिल' या मासिकाचे संपादक झाले, आणि १९८६ च्या उन्हाळ्यात उत्तर व दक्षिण आयर्लंडमधली सीमा पायी चालत जाऊन त्यावर पुस्तक लिहिले. 'द साउथ' ही पहिली कादंबरी १९९० साली आली. २०२२ ते २०२४ या काळात ते आयर्लंडमध्ये 'लॉरिएट फॉर आयरिश फिक्शन' या कथालेखकांसाठीच्या मानाच्या पदावर होते. चरित्राचा एवढा तपशील देण्याचे कारण असे की, मावशीकडे काढलेले ते महिने आणि तेव्हा कोणीही न विचारलेले प्रश्न त्यांच्या लेखनात वेगवेगळ्या रूपांत सतत येत राहतात.

'ब्रुकलिन' ही २००९ ची कादंबरी सर्वांत अधिक वाचली गेली आहे, तेव्हा तिच्यापासून सुरुवात करतो. पुस्तक न वाचलेल्यांनी इथे सावध व्हावे, कारण शेवटाविषयी लिहिल्याशिवाय मला माझे म्हणणे मांडता येणार नाही. काळ १९५० च्या दशकाचा आहे. त्या दशकात सुमारे चार लाख माणसे आयर्लंड सोडून गेली आणि १९६१ च्या जनगणनेत प्रजासत्ताकाची लोकसंख्या २८ लाखांवर आली. त्यापेक्षा खालची नोंद पुढे कधी झाली नाही. आयलिश लेसी ही तरुण मुलगी हिशेबनीस व्हायचे शिकली आहे, पण गावात नोकरी नाही. तिचे तिघे भाऊ कामासाठी इंग्लंडमध्ये आहेत. एके दिवशी मिस केली ही किराणा दुकानाची मालकीण तिला बोलावून घेते आणि रविवारपुरते काम देते.

ते दुकान टोबीन यांनी किती बारकाईने पाहिले आहे, ते वाचण्यासारखे आहे. रविवारी प्रार्थनेनंतर गर्दी उसळते. मिस केलीला प्रत्येक गिऱ्हाइकाची पत ठाऊक आहे आणि ही पत केवळ पैशाची नाही. काही बायका दुकानात शिरताच ती रांग बाजूला सारून त्यांच्याकडे वळते, ताजा माल त्यांच्यासाठी आतून काढला जातो. इतरांना तीच वस्तू संपली म्हणून सांगितले जाते, किंवा शिळा पाव गळ्यात मारला जातो. कोणाशी हसून बोलायचे आणि कोणाकडे पाहायचेही नाही, हे आयलिशने न विचारता शिकायचे असते. मिस केली दुष्ट आहे, असे लेखक कुठेही म्हणत नाही. तिच्या गल्ल्यामागे गावाची सगळी नोंदवही आहे आणि ती नोंदवही तिला पाठ आहे, एवढेच आपल्याला दिसते. कादंबरीच्या अखेरीस हीच बाई निर्णायक ठरणार असते, पण पहिल्या प्रकरणात ती केवळ एक तऱ्हेवाईक दुकानदार वाटते. टोबीन यांची ही रचना मला फार आवडते.

आयलिशने अमेरिकेला जायचे, हे कसे ठरते तेही पाहण्यासारखे आहे. ब्रुकलिनहून आलेले फादर फ्लड चहाला येतात, तिकडे काम मिळेल असे बोलता बोलता म्हणतात, आई आणि थोरली बहीण रोझ शांतपणे ऐकतात, आणि आयलिशच्या ध्यानात येते की तिला न विचारताच ती जाणार हे पक्के झाले आहे. तिला जायचे आहे का, हा प्रश्न कोणीच उच्चारत नाही, तीही उच्चारत नाही. आईच्या मनात काय आहे हे तिला पुढे कळते तेही आडून: कोणा शेजारणीने विचारले असता आई म्हणून जाते की, ही गेली की माझा जीव जाईल. आईने हे वाक्य मुलीला कधीच ऐकवले नसते. शेजारणीसमोर ते निसटते, कारण शेजारणीला काहीतरी उत्तर देणे भाग असते.

ब्रुकलिनमध्ये गेल्यावर आयलिश मिसेस किहो यांच्या क्लिंटन स्ट्रीटवरच्या घरात भाड्याने राहते, फुल्टन स्ट्रीटवरच्या दुकानात काम करते, रात्री हिशेबाचे वर्ग करते आणि टोनी नावाच्या इटालियन घराण्यातल्या प्लंबरच्या प्रेमात पडते. घराच्या ओढीने ती पार मोडून गेलेली असताना घरी लिहिलेल्या पत्रांत त्यातले अक्षरही नसते. टोनीविषयी ती रोझला लिहिते ते ऑफिसच्या पत्त्यावर, म्हणजे आईच्या हाती पत्र पडू नये. इकडे रोझही काही लपवून आहे. तिचे हृदय दुबळे आहे, ती केव्हाही जाऊ शकते, हे तिला ठाऊक असते, तरी ती गोल्फ खेळत राहते, नवे कपडे घेते, धाकटीला जहाजावर बसवून देते आणि एके रात्री झोपेतच जाते. बहिणीने आपल्याला का पाठवले आणि मागे राहून काय पत्करले, याचा अर्थ आयलिशला आणि आपल्याला एकदमच लागत नाही. तो नंतर हळूहळू लागत जातो.

रोझच्या मृत्यूनंतर आयलिश काही आठवड्यांसाठी घरी येते. निघण्यापूर्वी टोनीच्या आग्रहावरून तिने त्याच्याशी गुपचूप लग्न केलेले असते. गावात हे कोणालाच ठाऊक नाही, आणि ठाऊक नसल्यामुळेच गाव तिला पुन्हा आपलीशी करते: रोझच्या जागी काम मिळते, जिम फॅरेल हा चांगल्या घरचा तरुण तिच्याकडे ओढला जातो, आईच्या चेहऱ्यावर उमेद येते. बोटीचे तिकीट ती पुढे ढकलते. इथे आयलिश फसवते आहे की फसते आहे, याचा निवाडा टोबीन करत नाहीत. अंगठी काढून ठेवलेल्या मुलीला आपले ब्रुकलिनमधले आयुष्य स्वप्नासारखे वाटू लागणे किती स्वाभाविक आहे, एवढे ते दाखवतात. मग मिस केलीचा निरोप येतो. दुकानावरच्या खोलीत बसवून ती सांगते की ब्रुकलिनच्या मिसेस किहो तिच्या नात्यातल्या आहेत आणि जग फार मोठे नाही. आणखी काही स्पष्ट करून सांगण्याची गरजच उरत नाही. त्याच दिवशी आयलिश परतीचे तिकीट नक्की करते, आईला लग्नाचे सांगते आणि दुसऱ्या सकाळी निघते. आई मुलगा कसा आहे एवढे विचारते आणि झोपायला जाते. सकाळी पुन्हा निरोप घ्यायचा नाही, असे तिने रात्रीच सांगून टाकलेले असते.

२०१५ साली या कादंबरीवर जॉन क्राउली यांनी काढलेला चित्रपट मला आवडतो आणि सर्शा रोननचे काम तर उत्कृष्टच आहे. परंतु चित्रपटात शेवटी टोनी आणि आयलिश पुन्हा भेटताना दिसतात, तर कादंबरी आयलिश निघालेल्या गाडीत बसलेली असतानाच संपते. हा फरक मोठा आहे. चित्रपटातली आयलिश आपला नवरा निवडून त्याच्याकडे जाते. कादंबरीतली आयलिश परत जाते, कारण गावाला कळले आहे. दोन पुरुषांपैकी तिला कोण हवा होता, याचे उत्तर तिलाही कधी मिळणार नाही, कारण तो प्रश्न स्वतःला विचारायची मुभाच मिस केलीने काढून घेतली. 'ब्रुकलिन'ला प्रेमकथा म्हणणाऱ्यांशी माझा वाद नाही, पण मला ती त्याहून अधिक कठोर वाटते.

गावाच्या या ठाऊक असण्याचा सर्वांत तीक्ष्ण आविष्कार एका लघुकथेत आहे. 'मदर्स अँड सन्स' या २००६ च्या संग्रहातली 'अ प्रीस्ट इन द फॅमिली' ही ती कथा. मॉली ही वृद्ध विधवा ब्रिज खेळते, वाचनालयात जाऊन संगणक शिकते, तिचा मुलगा धर्मगुरू आहे. त्याच्यावर मुलांच्या लैंगिक शोषणाचा खटला उभा राहणार आहे आणि तो गुन्हा कबूल करणार आहे. गावातल्या सगळ्यांना हे कळलेले आहे. मॉली सोडून सगळ्यांना. तिला सांगायला एक धर्मगुरू घरी येतात, बसतात, इकडचे तिकडचे बोलतात आणि न सांगताच जातात. ओळखीच्या बायका तिच्याशी पूर्वीपेक्षा अधिक गोड वागू लागल्या आहेत, हे तिला जाणवते, पण कारण कळत नाही. आयर्लंडमध्ये चर्चच्या आडून झालेल्या अत्याचारांवर चौकशी अहवाल आले, ग्रंथ लिहिले गेले. टोबीन यांनी त्यातला एकच कोपरा उचलला: ज्या बाईचा यात काही दोष नाही, तिला सर्वांत शेवटी कळते. खटल्याच्या काळात तिने कुठेतरी लांब जाऊन राहावे, असे सुचवले जाते. ती नकार देते. ती गावातच राहणार, नेहमीसारखी रस्त्यावरून चालणार, लोकांनी काय बोलायचे ते बोलावे. ही कथा वाचताना मॉलीविषयी वाटणारा आदर शब्दांत सांगणे मला अवघड जाते. लेखक तिची कीव करत नाही, म्हणूनच ती इतकी उंच होते.

'द हेदर ब्लेझिंग' या १९९२ च्या कादंबरीत मौन न्यायालयात जाऊन बसते. इमन रेडमंड डब्लिनच्या उच्च न्यायालयात न्यायाधीश आहे. गर्भवती राहिलेल्या एका विद्यार्थिनीला कॉन्व्हेंट शाळेने काढून टाकले आहे आणि निवाडा त्याने द्यायचा आहे. तो विचारपूर्वक शाळेच्या बाजूने निकाल देतो. त्याची स्वतःची अविवाहित मुलगीही गर्भवती आहे, पण या दोन गोष्टी त्याच्या मनात एकमेकींना भेटतच नाहीत. आई त्याच्या जन्माच्या वेळीच गेली, वडिलांना तो शाळेत असतानाच पक्षाघात झाला. जे दुखते ते बंद करून ठेवायचे, हे तो लहानपणीच शिकला. तू मला कधी काही सांगितलेच नाहीस, ही त्याच्या बायकोची तक्रार तो ऐकतो आणि तिला काय म्हणावे हे त्याला कळत नाही. त्यांचे उन्हाळ्यातले घर कुश इथे समुद्रकाठी आहे. वेक्सफर्डचा हा मातीचा कडा लाटांनी दरवर्षी थोडा थोडा ढासळतो आणि त्याबरोबर काठावरची घरेही जातात. हे वर्णन प्रतीक म्हणून आणलेले वाटत नाही, कारण टोबीन त्या कड्याकडे प्रतीक शोधणाऱ्याच्या नजरेने पाहतच नाहीत. आज वाट कुठून उतरते, मागच्या वर्षी कुठून उतरत होती, एवढेच ते सांगतात.

हे कुश पुढेही येत राहते. 'द ब्लॅकवॉटर लाइटशिप'मधल्या आजीचे घर तिथलेच, नोरा वेब्स्टर पहिल्याच प्रकरणात विकून टाकते ते घरही तिथलेच. एकाच किनाऱ्याच्या तुकड्यावर एखाद्या लेखकाने इतकी माणसे राहायला आणावीत आणि तरी पुनरुक्ती वाटू नये, हे मला विलक्षण वाटते.

'द ब्लॅकवॉटर लाइटशिप' १९९९ ची. आयर्लंडमध्ये समलैंगिक संबंध १९९३ पर्यंत कायद्याने गुन्हा होते, आणि कादंबरीचा काळ त्याच सुमाराचा आहे. एड्सने आजारी असलेला डेक्लन आजीच्या घरी येतो. सोबत बहीण, आई, आजी आणि त्याचे दोन मित्र. या घरात माहितीची वाटणी उलटी झालेली आहे: मित्रांना वर्षानुवर्षे सगळे ठाऊक आहे, रक्ताच्या माणसांना काहीच नाही. बहिणीला त्याच्या आजाराविषयी एक जवळजवळ अनोळखी माणूस येऊन सांगतो, आणि तिला दुःख होते ते दोन्हींचे, आजाराचेही आणि आपल्याला न सांगितल्याचेही. तीन पिढ्यांतल्या तीन बायका एकमेकींशी वर्षानुवर्षे नीट बोललेल्या नाहीत. शेवटी त्यांच्यात समेट होतो असे म्हणवत नाही, पण एकमेकींच्या घरी चहा घेण्याइतपत वाट मोकळी होते. समलिंगी विवाहाला आयर्लंडने सार्वमताने मान्यता दिली ती २०१५ साली, सुमारे ६२ टक्के मतांनी. त्या देशाने एवढे अंतर किती लवकर कापले आणि त्या आधीची वर्षे कशी होती, हे समजायला ही कादंबरी मला कुठल्याही इतिहासाहून अधिक उपयोगी वाटली.

लेखकांच्या चरित्रांवरच्या दोन कादंबऱ्यांविषयी थोडक्यात लिहितो. 'द मास्टर' (२००४) हेन्री जेम्स यांच्यावर आहे आणि ती जानेवारी १८९५ मध्ये, त्यांचे नाटक प्रेक्षकांनी हुर्यो करून पाडले त्या सुमारास सुरू होते. 'द मॅजिशियन' (२०२१) टोमास मान यांच्यावर आहे. दोघेही मनातले सर्वांत खोल काही लपवून जगले, आणि टोबीन यांना त्यांच्यात रस आहे तो त्यासाठी. 'द मास्टर'मधला एक प्रसंग विसरता येत नाही. जेम्स यांची मैत्रीण असलेली लेखिका व्हेनिसमध्ये मरण पावते. तिचे कपडे काय करायचे म्हणून जेम्स ते नावेतून खाडीत नेऊन बुडवायला निघतात, तर काळे झगे हवेने फुगून पुन्हा पुन्हा पाण्यावर येतात. 'द मॅजिशियन'मध्ये १९३३ साली जर्मनीबाहेर अडकलेल्या मान यांना सर्वांत मोठी धास्ती असते ती आपल्या रोजनिश्या नाझींच्या हाती पडण्याची. एनिस्कॉर्थी इथे नाही, पण ती भीती तीच आहे. तरीही 'द मॅजिशियन' मला 'द मास्टर'इतकी भावली नाही. दोन महायुद्धे, हद्दपारी, सहा मुले, अमेरिका, एवढे सगळे घडत असताना टोबीन यांना ज्यात गती आहे ते संथ निरीक्षण करायला जागाच उरत नाही. प्राचीन ग्रीसमधल्या राजघराण्यावरची 'हाउस ऑफ नेम्स' (२०१७) मला त्याहून दुरावलेली वाटली. तिथे खून आहेत, कटकारस्थाने आहेत, शेजारी नाहीत.

आता पुन्हा नोराकडे. माझ्या मते ही २०१४ ची कादंबरी टोबीन यांचे सर्वश्रेष्ठ पुस्तक आहे. ती पूर्ण व्हायला त्यांना दहाहून अधिक वर्षे लागली, मधल्या काळात 'ब्रुकलिन' लिहून झाली, आणि 'ब्रुकलिन'चे बीजही नोराच्या पहिल्या प्रकरणातच आहे: सांत्वनाला येणाऱ्यांत आयलिशची आई मे लेसी असते आणि ती ब्रुकलिनला गेलेल्या मुलीविषयी बोलते. काळ १९६० च्या दशकाच्या अखेरचा आणि त्यानंतरच्या काही वर्षांचा. दोन मुली शिकायला बाहेर, दोन लहान मुलगे घरी, थोरला डोनल बोलताना अडखळतो. नोरा लग्नापूर्वी ज्या ऑफिसात होती तिथे परत कामाला जाते. तिथली वरिष्ठ बाई तिचा छळ करते. नोरा कामगार संघटनेत जाते. धाकट्याला शाळेत खालच्या तुकडीत टाकले तेव्हा शाळेच्या दारात धरणे धरीन अशी धमकी देते आणि ती धमकी लागू पडते. केस रंगवून येते तेव्हा रस्त्यावरून घरापर्यंत चालत जाणे हे केवढे धाडस होऊन बसते. हळूहळू ती गाणे शिकू लागते, रेकॉर्डप्लेअर घेते. मॉरिसला संगीतात गोडी नव्हती. म्हणजे ही गोष्ट तिची एकटीची आहे, आणि तिच्या आनंदात त्याच्याविषयीचा एक हलका अपराधीपणाही मिसळलेला आहे. हे लिहायला फार मोठा लेखक लागतो.

पण नोरा सहृदय आई आहे का? मॉरिस मरणपंथाला लागला असताना तिने दोन्ही मुलांना मावशी जोसीकडे ठेवले आणि त्या महिन्यांत ती त्यांना भेटायलाही गेली नाही. परत आल्यावर तिथे काय झाले हे विचारले नाही. कितीतरी नंतर ती जोसीकडे जाऊन बसते आणि तेव्हा कळते की मुले रात्री कशी घाबरत, डोनल कधीपासून अडखळू लागला. टोबीन यांच्या स्वतःच्या बालपणाशी याचे नाते उघड आहे, आणि म्हणूनच त्यांनी हे सगळे आईच्या बाजूने लिहिले याचे मला नवल वाटते. मुलाच्या नजरेतून लिहिले असते तर त्या न भेटण्याचा जाब विचारला गेला असता. आईच्या नजरेतून लिहिताना ती का गेली नाही, हेही समजते आणि तिचे चुकलेच, हेही पुसले जात नाही. कादंबरीच्या शेवटी नोरा मॉरिसची जुनी पत्रे जाळते. ती पत्रे आपल्याला वाचायला मिळत नाहीत. दुसऱ्या एखाद्या लेखकाने त्यातली दोन-चार वाक्ये तरी दिली असती.

यामागची भाषा साधी आहे आणि ती साधी ठेवायला किती कष्ट पडत असतील, याची कल्पना करता येते. उपमा जवळजवळ नाहीत. विशेषणे कमी. निवेदन तृतीयपुरुषी, पण एकाच व्यक्तीच्या खांद्यावरून पाहणारे. नोराला जे दिसत नाही ते आपल्यालाही दिसत नाही. संवाद बऱ्याचदा उत्तर येण्याच्या आधीच संपतात आणि परिच्छेद संपल्यावर आपल्या लक्षात येते की उत्तर दिले गेलेच नाही. ज्यांना कादंबरीत घटना हव्या असतात त्यांना ही पद्धत कोरडी वाटते, हे मी ऐकले आहे. त्यांना एवढेच सांगावेसे वाटते की, पन्नासेक पाने धीर धरावा. एकदा कान तयार झाला की चहाचा कप कोणी कोणासमोर ठेवला यातसुद्धा ताण जाणवू लागतो.

'लाँग आयलंड' (२०२४) ही 'ब्रुकलिन'ची पुढची गोष्ट, वीसेक वर्षांनंतरची, १९७६ सालातली. टोनीपासून दुसऱ्या एका बाईला मूल होणार आहे, आणि तिचा नवरा आयलिशच्या दारात येऊन सांगून जातो की मूल जन्मले की तुमच्या उंबरठ्यावर आणून ठेवीन. आयलिश आईच्या ऐंशीव्या वाढदिवसाचे निमित्त करून एनिस्कॉर्थीला येते. आईसाठी ती फ्रिज, धुलाईयंत्र अशा वस्तू घेते आणि आई त्या लावू देत नाही. सगळे सामान दारातल्या बोळात तसेच अडून राहते, येता-जाता सगळ्यांना अंग चोरून जावे लागते. मायलेकींमधल्या वीस वर्षांच्या अबोल्याचे यापेक्षा नेमके चित्र मी वाचलेले नाही.

जिम फॅरेल अजून अविवाहित आहे, आपला पब चालवतो, आणि नॅन्सी या विधवेशी त्याचे लग्न ठरल्यात जमा आहे, अर्थात गुपचूप. नॅन्सी म्हणजे आयलिशची जुनी मैत्रीण. 'मदर्स अँड सन्स'मधल्या एका कथेत नवऱ्याच्या कर्जातून वर येण्यासाठी चिप्सचे दुकान काढणारी बाई हीच. जिम पुन्हा आयलिशकडे ओढला जातो, तेही गुपचूप. वेगवेगळी माणसे वेगवेगळी गुपिते घेऊन त्याच रस्त्यांवरून फिरत असतात. सत्य उमगते तेव्हा नॅन्सी जिमला जाब विचारत नाही, रडत नाही, भांडत नाही. ती अंगठी मिरवते आणि आमचे लग्न ठरले आहे असे जाहीर करून टाकते. संध्याकाळपर्यंत सगळ्यांना ठाऊक होते आणि जिमचे हात बांधले जातात. पहिल्या कादंबरीत गावाच्या माहितीने आयलिशला हुसकावले होते. इथे एका बाईने तीच माहिती हाताशी धरून आपले घर वाचवले. नॅन्सीचा मला राग आला नाही. ती आयलिशइतकीच एकटी आहे आणि तिच्याकडे अमेरिका नाही.

'लाँग आयलंड'चा शेवट अधांतरी आहे म्हणून पुष्कळ वाचक नाराज झाले. पुढे काय झाले असेल, ते मलाही कळून घ्यायला आवडेल. परंतु या दोन कादंबऱ्यांत आयलिशने मनातले कोणाला सरळ सांगितल्याचे प्रसंग शोधून काढावे लागतील इतके थोडे आहेत, आणि शेवटच्या पानावर तिने आपल्याला तेवढे सांगावे, ही अपेक्षा मला रास्त वाटत नाही.

टोबीन यांचे काहीच वाचलेले नसेल, तर 'ब्रुकलिन'ऐवजी आधी 'अ प्रीस्ट इन द फॅमिली' वाचावी. एका बैठकीत होते. मग 'नोरा वेब्स्टर', आणि त्यानंतर आयलिशच्या दोन्ही कादंबऱ्या लागोपाठ. या क्रमाने गेल्यास मे लेसी नोराच्या बैठकीत बसून मुलीविषयी बोलते तेव्हा ती केवळ एक पाहुणी वाटते. 'ब्रुकलिन' वाचून झाल्यावर ते प्रकरण पुन्हा उघडावे आणि त्या बाईने नोरासमोर काय काय सांगायचे टाळले, ते मोजून पाहावे.